रुळांवरचे माणिक

तुळशीचे लग्न लागले, की घरोघर लग्नपत्रिका येऊ लागतात. पत्रिकेवर वराचे नाव तीन शब्दांत छापलेले असते. पहिला शब्द त्याचा स्वतःचा, दुसरा वडिलांचा आणि तिसरा घराण्याचा, हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. तिसऱ्या शब्दाच्या शेवटी ‘कर’ असला, तर घराण्याचे मूळ गाव कोणते तेही पत्रिका वाचणाऱ्या आजीला कळते, आणि मग त्या गावात आपले कोण कोण आहे याची चौकशी सुरू होते. पत्रिकेत ‘वडिलांचे नाव’ असा रकाना नसतो, ‘मूळ गाव’ असाही नसतो. ते रकाने वाचणाऱ्याच्या डोक्यात असतात.

याला आपण संकेत म्हणतो. संकेत ठाऊक असलेल्या दोन माणसांना थोडक्यात पुष्कळ बोलता येते. परंतु ज्याला तो ठाऊक नाही, त्याच्यापुढे तेच तीन शब्द मुके होतात. हाच गृहस्थ परदेशी नोकरीस गेला, म्हणजे तिथला कारकून मधला शब्द त्याचेच दुसरे नाव समजतो, आणि बिचाऱ्याला पुढे कित्येक महिने वडिलांच्या नावाने मारलेल्या हाकेला ओ द्यावी लागते.

संगणकाच्या आज्ञा लिहिणाऱ्या लोकांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत हाच अनुभव घेतला आहे. किती गोष्टी शब्दाने सांगावयाच्या आणि किती संकेतावर सोडावयाच्या, हा त्यांच्या धंद्यातला जुना वाद आहे. २००४ साली एका डॅनिश तरुणाने आपला कौल संकेताच्या बाजूने दिला, आणि इंटरनेटवरील कामकाज घडवण्याची तऱ्हाच पालटली. आठ वर्षांनी त्या कौलाची दुसरी बाजू जगाला दिसली. मुलगा, सून किंवा भाची संगणकाच्या धंद्यात आहे असे घर आता दुर्मिळ राहिलेले नाही. पण ही मंडळी दिवसभर नेमके काय लिहितात, हे वडीलधाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. म्हणून ही हकीकत येथे सांगावीशी वाटते. ती समजण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. घर चालवल्याचा अनुभव पुरतो.

*

या हकीकतीचा उगम १९५७ सालापर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपल्या ७०४ क्रमांकाच्या यंत्रासाठी ‘फोर्ट्रान’ नावाची भाषा गिऱ्हाइकांच्या हाती दिली. जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी १९५४ पासून या कामात गढलेले होते. तोपर्यंत यंत्राला आज्ञा द्यावयाची, म्हणजे त्याला समजेल अशा किचकट खुणांतच ती लिहीत बसावे लागे. फोर्ट्रानमध्ये गणिताचे सूत्र जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येऊ लागले.

एक अडचण मात्र होती. पूर्णांक आणि दशांश चिन्हाची संख्या या दोहोंना यंत्र निरनिराळ्या पद्धतीने साठवते. मग सूत्रात एखादे नाव आले, तर ते कोणत्या तऱ्हेच्या संख्येचे, हे यंत्राने ओळखावे कसे? बॅकस यांच्या मंडळींनी गणितज्ञांची जुनी सवय उचलली. गणिताच्या पुस्तकांत मोजणीसाठी आय, जे, के, एन अशी अक्षरे वापरण्याचा परिपाठ होताच. तेव्हा असे ठरले, की ज्या नावाचे पहिले अक्षर आयपासून एनपर्यंतच्या सहा अक्षरांपैकी असेल, ते पूर्णांकाचे. बाकी सारी नावे दशांशाची. नावावरून गाव कळावे, तशी नावावरून संख्येची तऱ्हा कळू लागली. यावरून एक विनोदही रूढ झाला. इंग्रजीत दशांशाच्या संख्येला ‘रिअल’, म्हणजे खरी, म्हणतात. ‘गॉड’ हा शब्द जी या अक्षराने सुरू होतो. म्हणून फोर्ट्रानवाले म्हणत, की देव खरा आहे. निदान कोणी त्याला पूर्णांक म्हणून जाहीर करीपर्यंत तरी!

१९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, आणि आपल्याकडील कित्येक शास्त्रज्ञांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांवर हीच फोर्ट्रान गिरवली. त्यांनाही या सोयीतली खोच लवकरच कळली असणार. टंकताना एखाद्या नावाचे एक अक्षर चुकले, तर यंत्र तक्रार करीत नसे. हे कोणी नवे नाव आहे असे समजून, पहिल्या अक्षरावरून त्याची तऱ्हा ठरवून ते पुढे चालू लागे. उत्तर चुकीचे येई, आणि चूक कोठे आहे ते काही केल्या सापडत नसे. पुढल्या पिढीतल्या शहाण्या प्रोग्रॅमरांनी म्हणून आपल्या आज्ञावलीच्या आरंभीच एक ओळ लिहिण्याचा प्रघात पाडला. तिचा अर्थ इतकाच, की ‘मनाने काही गृहीत धरू नकोस.’ ‘फोर्ट्रान ९०’ या प्रमाणित आवृत्तीत या ओळीला अधिकृत स्थान मिळाले. संकेताने वाचवलेले श्रम लोकांनी आपखुशीने पुन्हा पत्करले होते.

*

आता तीन दशके ओलांडून पुढे यावयाचे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेले वर्ल्ड वाइड वेब १९९१ साली सर्वांना खुले झाले. आरंभी त्याचे रूप वाचनालयासारखे होते. कोणी तरी पाने लिहून ठेवावीत आणि इतरांनी ती वाचावीत. पण थोड्याच वर्षांत या वाचनालयाची कचेरी झाली. लोक तेथे तिकिटे काढू लागले, बँकेतली शिल्लक पाहू लागले, सामान मागवू लागले.

अशा अदृश्य कचेरीत साधारण तीन कामे असतात. खिडकीवरचा कारकून लोकांची मागणी ऐकून घेतो. दप्तर सांभाळणारा माणूस वह्यांतून हवी ती नोंद काढतो किंवा नवी नोंद करतो. तिसरा एक सुवाच्य अक्षराचा लेखनिक त्या नोंदीवरून गिऱ्हाइकाला द्यावयाचा कागद तयार करतो. ही तीन कामे एकमेकांत मिसळू नयेत, हा विचार वेबच्याही आधीचा आहे. त्रिग्वे रेनस्काउग या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९७९ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात तो प्रथम मांडला होता.

प्रश्न होता तो या तिघांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचा. या शतकाच्या आरंभी बड्या कंपन्यांचा ओढा सन कंपनीच्या जावा भाषेकडे होता. तीत वेबची कामे करण्यासाठी ‘स्ट्रट्स’सारख्या चौकटी २००० सालापासून पुढे आल्या. चौकट म्हणजे अर्धी बांधून ठेवलेली कचेरी. आपण फक्त आपली खाती भरावयाची. पण या चौकटींत प्रत्येक गाठ लेखी सांगावी लागे, आणि ती सांगण्यासाठी एक्सएमएल नावाच्या लिपीत लांबलचक फायली लिहाव्या लागत.

उदाहरणार्थ, एखाद्या ग्रंथालयाचे काम संगणकावर चढवावयाचे आहे असे समजा. आज्ञावलीत ‘पुस्तक’ नावाची एक वस्तू आहे, आणि दप्तरात ‘पुस्तके’ नावाचे कोष्टक आहे. आता फायलीत लिहावयाचे, की ‘पुस्तक’ ही वस्तू ‘पुस्तके’ या कोष्टकात ठेवली जाते. त्या खाली लिहावयाचे, की वस्तूचे शीर्षक म्हणजे कोष्टकातील शीर्षक. त्या खाली, की वस्तूची किंमत म्हणजे कोष्टकातील किंमत. मग दुसऱ्या फायलीत, की पुस्तकाची मागणी आली तर ती पुस्तकाच्या कारकुनाकडे पाठवावी. आणि आणखी एका जागी, की पुस्तकाच्या कारकुनाचे काम झाले म्हणजे पुस्तकाचेच पान दाखवावे. घरातल्या गड्याला ‘मिठाच्या बरणीत मीठ भर’ असा लेखी हुकूम देण्यासारखाच हा प्रकार होता.

याला कारण नव्हते असे नाही. मोठ्या बँकांची दप्तरे जुनी असत. कोष्टकांची नावे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या माणसांनी ठेवलेली, आणि ती बदलण्याची सोय नसे. अशा ठिकाणी मिठाच्या बरणीत खरोखरच साखर असू शकते! तेव्हा सगळे स्पष्ट लिहून घ्यावे, हे धोरण बँकेच्या दृष्टीने रास्तच होते. पण बँकेच्या सोयीसाठी केलेला हा रिवाज गल्लीतल्या ग्रंथालयालाही पाळावा लागू लागला. काम सुरू करण्यापूर्वीच माणूस थकून जाई, आणि पुढे एक नाव बदलावयाचे झाले, तर चार जागी बदलावे लागे. एक जागा राहून गेली, की सगळी कचेरी बंद.

*

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक निराळी भाषा शांतपणे वाढत होती. जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ साली ती रचण्यास आरंभ केला आणि डिसेंबर १९९५ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. त्या काळी ‘पर्ल’ ही भाषा लोकप्रिय होती. तिच्या नावाचा उच्चार इंग्रजीतल्या मोत्यासारखा होतो. मात्सुमोतो यांनी आपल्या भाषेलाही रत्नाचेच नाव दिले. ते म्हणजे ‘रुबी’, अर्थात माणिक. यंत्राच्या सोयीपेक्षा लिहिणाऱ्याच्या आनंदाकडे पाहून आपण ही भाषा केली, असे ते सांगत आले आहेत. २००० साली डेव्ह थॉमस आणि अँडी हंट या दोघांनी तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि माणिक जपानबाहेर चमकू लागले.

ते ज्यांच्या नजरेत भरले त्यांत कोपनहेगनमध्ये व्यापारशास्त्र शिकणारा एक तरुण होता. त्याचे नाव डेव्हिड हाइनमायर हॅन्सन. शिकागोतील ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या लहानशा कंपनीसाठी तो समुद्रापलीकडून थोडे तास काम करीत असे. जेसन फ्राइड हे त्या कंपनीचे चालक. गिऱ्हाइकांची कामे कोठवर आली याचा मेळ राखण्यासाठी त्यांना एक साधन हवे होते. हॅन्सनने ते रुबीत लिहिले, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ते ‘बेसकॅम्प’ या नावाने बाजारात आले.

घर बांधताना सुताराला कधी कधी स्वतःची हत्यारेही घडवावी लागतात. हॅन्सनने बेसकॅम्प बांधताना घडवलेली हत्यारे वेगळी काढली आणि जुलै २००४ मध्ये सर्वांना फुकट वाटून टाकली. त्या संचाचे नाव ‘रुबी ऑन रेल्स’, म्हणजे रुळांवरचे माणिक. रुळांवरच्या गाडीला सुकाणू नसते. कोणीकडे वळावयाचे हे रूळ टाकणाऱ्याने ठरवून ठेवलेले असते, म्हणूनच ती वेगाने जाऊ शकते. हॅन्सनच्या संचाचे ब्रीदही हेच होते, आणि मराठीत ते असे सांगता येईल: सूचनेपेक्षा संकेत बरा.

ग्रंथालयाचेच उदाहरण पुन्हा घेऊ. रेल्समध्ये आपण फक्त ‘बुक’ नावाची एक वस्तू आहे एवढेच लिहावयाचे. ते एका ओळीचे काम. तिचे कोष्टक ‘बुक्स’ या नावाचे असणार, हे चौकट धरून चालते. पुस्तकाचा लेखक ‘ऑथर’ या वस्तूत असेल, तर पुस्तकाच्या कोष्टकात ‘ऑथर आयडी’ नावाचा रकाना असणार. ‘क्रिएटेड ॲट’ नावाचा रकाना दिसला, की नोंद केव्हा झाली ती वेळ चौकट स्वतःच त्यात भरते. कारकून, दप्तरी आणि लेखनिक या तिघांच्या खोल्या ठरलेल्या, खोल्यांची नावे ठरलेली. कोष्टकांत कोणते रकाने आहेत हेही चौकट दप्तर उघडून स्वतः पाहते. फायलींचे ते भारे एकाएकी नाहीसे झाले.

आणि कोणाला निराळे करावयाचे असले तर? आपल्या जुन्या कोष्टकाचे नाव वेडेवाकडे असले तर? तर मात्र एक ओळ लिहून तसे सांगावयाचे. जो रिवाजाप्रमाणे वागतो त्याने काही बोलू नये. जो रिवाज सोडतो त्याने तेवढ्यापुरते बोलावे. जुन्या चौकटींत सरळ माणसाला आणि तऱ्हेवाईक माणसाला सारखेच कागद भरावे लागत. हॅन्सनने कागद फक्त तऱ्हेवाइकाच्या वाट्याला ठेवले.

२००५ साली हॅन्सनने एक लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत तो पंधरा मिनिटांत, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, लोकांनी वाचावी अशी एक रोजनिशी वेबवर उभी करून दाखवतो. फायली लिहून बोटे झिजवलेल्या लोकांना ती नजरबंदी वाटली असल्यास नवल नाही. त्याच वर्षी डिसेंबरात रेल्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली.

*

या चौकटीतला एक भाग मराठी वाचकांना विशेष गंमतीचा वाटेल. ‘बुक’वरून ‘बुक्स’ करावयाचे, म्हणजे चौकटीला इंग्रजी व्याकरण येणे आले. आपण शाळेत ‘देव’ शब्द चालवला, तसे शब्द चालवणारे एक प्रकरणच रेल्समध्ये आहे. सामान्य नियम असा, की शेवटी ‘एस’ लावावा. मग विशेष नियम येतात. विशिष्ट अक्षरांपुढे ‘इएस’ लावावा, व्यंजनानंतरच्या ‘वाय’चे ‘आयइएस’ करावे, ‘माउस’चे ‘माइस’ आणि ‘ऑक्स’चे ‘ऑक्सन’ करावे. ‘पर्सन’चे ‘पीपल’ आणि ‘चाइल्ड’चे ‘चिल्ड्रेन’ ही निपाताने सिद्ध होणारी रूपे. शेवटी ज्यांना अनेकवचनच नाही अशा शब्दांची यादी: मेंढी, मासा, भात, माहिती, पैसा. (पैशाला इंग्रजीत अनेकवचन नाही, ते सुख मराठीने आपल्याला दिले आहे.) ‘ऑक्टोपस’चे अनेकवचन रेल्स ‘ऑक्टोपाय’ असे करते, ते कित्येक इंग्रजी पंडितांना मान्य नाही. काही वर्षे तर गाईचे अनेकवचन ‘काउज’ असे न होता ‘काइन’ असे होई! जुन्या इंग्रजी बायबलात आढळणारे हे रूप कोणी हौशीने त्यात घातले होते. गोठ्याचा हिशेब लिहू पाहणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होऊ लागली, तेव्हा ते काढून टाकण्यात आले. आपल्या एखाद्या तरुणाने कोष्टकासाठी ‘गाव’ हे नाव योजले, तर मात्र चौकट त्यालाही ‘एस’ लावून मोकळी होते. संकेत कोणत्या भाषेत जन्मला, हे असे मधूनच उघडे पडते.

सामान्य नियम, मग विशेष नियम, मग अपवाद, ही मांडणी वाचताना आपल्याला पाणिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘सगळे आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. पाणिनीने संगणकाची कल्पना केली नव्हती. पण थोडक्यात सांगण्याचा प्रश्न त्याच्यापुढेही होता, आणि तो त्याने सुमारे चार हजार सूत्रांत सोडवला. एका सूत्रातला शब्द पुढल्या सूत्रांत न लिहिताही चालू राहतो, ही अनुवृत्ती. सामान्य विधान तो उत्सर्ग. त्याला विशेष विधान बाध आणते, तो अपवाद. १९६७ साली पीटर इंगरमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने तर असे सुचवले, की संगणकाच्या भाषांचे व्याकरण लिहिण्याची बॅकस यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत पाणिनी आणि बॅकस अशा दोघांच्या नावाने ओळखली जावी. हे बॅकस म्हणजे फोर्ट्रानचेच जनक.

परंतु पाणिनीच्या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. सूत्रे इतकी आटोपशीर झाली, की ती कशी लावावयाची याचे न सांगितलेले नियम पुढच्यांना हुडकून काढावे लागले. त्या नियमांना परिभाषा म्हणतात. त्यांतले कित्येक पाणिनीने कोठेही उघड सांगितलेले नाहीत. त्याच्या लिहिण्याच्या धाटणीवरून ते अनुमानाने काढलेले आहेत. त्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ ‘परिभाषेन्दुशेखर’ हा काशीस राहिलेल्या नागेश भट्टांचा. हे काळे उपनावाचे महाराष्ट्रीय पंडित. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तो संपादून इंग्रजीत आणला. पाणिनीने वाचवलेली अक्षरे टीकाकारांनी अशी व्याजासह भरून दिली. रेल्सचेही निराळे झाले नाही. एका ओळीत होणारे काम समजावून देण्यासाठी २००५ सालीच त्यावर जाडजूड पुस्तक निघाले, आणि पुढे कितीतरी निघाली. कागदावरचे श्रम वाचले, शिकण्याचे उरले.

*

तरीही सौदा फायद्याचा होता. रेल्सच्या रुळांवर पुढल्या काळात मोठमोठ्या गाड्या धावल्या. कॅनडातील ‘शॉपिफाय’ हे दुकानदारांचे साधन आणि ‘ट्विटर’ ही दोन्ही २००६ सालची, प्रोग्रॅमर मंडळींचे सामाईक कोठार असलेले ‘गिटहब’ २००८ सालचे. ट्विटरने गर्दी वाढल्यावर आपले काही भाग इतर भाषांत नेले. उरलेल्या दोघांनी रूळ सोडले नाहीत. इतर भाषांतही याच धर्तीच्या चौकटी निघाल्या. खुद्द जावावाल्यांनी २००६ सालच्या नव्या आवृत्तीत धोरण बदलले आणि त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘अपवादापुरतीच सूचना’ असा होतो. उत्सर्ग आणि अपवाद यांची ती पुन्हा झालेली स्थापना होती.

मग २०१२ चा मार्च उजाडला.

घराची किल्ली वरच्या कोनाड्यात ठेवण्याचा रिवाज पुष्कळ घरांत असतो. घरातल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक असते, म्हणून कोणाचे अडत नाही. पण सगळ्याच घरांनी किल्ली वरच्या कोनाड्यात ठेवावयाची असे ठरवले, तर चोरालाही विचारावे लागत नाही.

रेल्समध्ये एक सोय होती. वेबच्या पानावरचा अर्ज भरून आला, की त्यातली सगळी उत्तरे एका ओळीत, जशीच्या तशी, कोष्टकातल्या त्याच नावाच्या रकान्यांत उतरत. कोणते रकाने बाहेरच्या माणसाने भरू नयेत हे सांगण्याची तजवीज चौकटीत होती. पण ते आपण होऊन सांगावे लागे. न सांगितल्यास दार उघडे, असा संकेत होता. आता अर्जावर जो प्रश्नच छापलेला नाही, त्याचे उत्तर कोणी आपल्या हाताने जोडून पाठवले तर? तेही निमूटपणे रकान्यात जाऊन बसे. आणि रकान्याचे नाव ओळखणे कठीण नव्हते, कारण सगळ्या जगाचे रकाने एकाच रिवाजाने नाव धारण करीत होते.

एका तरुण रशियन प्रोग्रॅमरने हा धोका रेल्सच्या कारभाऱ्यांच्या नजरेस आणला. दार लावून घेणे हे घरमालकाचे काम आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. रेल्सच्या कारभाऱ्यांचे स्वतःचे दप्तर गिटहबवर होते, आणि गिटहब रेल्सवर बांधलेले. तरुणाने तेथे एक तक्रार नोंदवली; तिच्यावर तारीख पडली ३०१२ सालची. ‘क्रिएटेड ॲट’ हा रकाना त्याने स्वतःच्या हाताने भरला होता. एवढ्यानेही कोणी हलेना, तेव्हा ४ मार्च २०१२ रोजी त्याने प्रवेशाची आपली किल्ली नोंदवताना ‘यूझर आयडी’ या रकान्यात दुसऱ्याचा क्रमांक घातला, आणि रेल्सच्या मूळ कोठारात शिरून आपण आलो होतो अशी एक निरुपद्रवी खूण ठेवली. गिटहबने भोक तातडीने बुजवले. तरुणाला आधी बाहेर ठेवण्यात आले, मग चौकशीअंती परत घेण्यात आले.

रेल्सच्या कारभाऱ्यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस नव्या कामांसाठी संकेत फिरवला. दार आता न सांगितल्यास बंद राहू लागले. जून २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत, कोणते रकाने बाहेरून भरता येतील हे कारकुनाने खिडकीवरच नावानिशी सांगावे, अशी रीत पडली. फोर्ट्रानवाल्यांनी अनेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या ओळीची येथे आठवण होते. काही श्रम पुन्हा पत्करले गेले. पण या वेळी सारे रूळ उखडण्याची जरूर पडली नाही. जेथे विसराळूपणाने नुसता खोळंबा होतो तेथे संकेत राहिला. जेथे घर लुटले जाते तेथे तोंडाने सांगणे आले.

*

संकेत नवा असतो, तेव्हा त्याने वाचवलेले श्रम तेवढे दिसतात. त्याने आपल्या वतीने काय ठरवून टाकले, ते पुष्कळ दिवसांनी दिसते. उघड्या दाराचा निर्णयही कोणी मुद्दाम घेतला नव्हता. प्रत्येक घरमालकाने तो फक्त न बोलता मान्य केला होता.

आरंभीच्या लग्नपत्रिकेकडे पुन्हा वळू. वराचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. किती पिढ्या आपण हे तीन शब्द वाचले, आणि आजीने त्यावरून गावे ओळखली! पण या तीन शब्दांत वराची आई कोठे आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तिला वगळावे असे कोणी सभा भरवून ठरवले नव्हते. तिच्यासाठी रकाना नव्हता, इतकेच. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय केला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव सरकारी कागदोपत्री चार शब्दांत लिहिले जावे: बालकाचे, आईचे, वडिलांचे, आणि मग आडनाव.

ही बाळे मोठी होऊन त्यांच्या पत्रिका निघतील तेव्हा कोणी तरी वयस्क माणूस त्या हातात घेईल, आणि दुसऱ्या शब्दाशी क्षणभर अडखळेल. शेजारी बसलेल्या नातवंडाने तेव्हा त्याला नवा संकेत एकदा सांगावा. पुढच्या पत्रिकेच्या वेळी तो सांगावा लागणार नाही.